ऑर्व्हिल स्टिडम यांचं रेडिओवरचं निधन

ऑर्व्हिल स्टिडम वारले ते आर्कान्सातल्या एका रेडिओ स्टेशनच्या मीटिंगरूममध्ये, दुपारच्या जेवणाच्या वेळेला. स्वतः ते तिथे नव्हते. त्या वेळी ते केंटकीत, कॉर्बेल क्रीक गावात, आपल्या दुकानात गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला धार लावत होते, आणि आपण वारल्याचं त्यांना कळायला पुढे आठवडा गेला. हजर होती ती त्यांची मुलगी मार्लीस. तिच्या मांडीवर गिटार होती आणि समोर सँडविचचं तबक.

पण आधी गाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्या गाण्यापायी झालं.

मार्लीस गाण्यांचा धंदा चालतो त्या नॅशव्हिलला आली तेव्हा तिची पुंजी म्हणजे चर्चमध्ये एकटीने गायलेली काही भजनं आणि जिल्ह्याच्या जत्रेत मिळालेला दुसरा नंबर. पहिला नंबर डुकराचा आवाज काढणाऱ्या मुलाने नेला होता. नॅशव्हिलमध्ये तिने न्याहारीच्या हॉटेलात बशा उचलल्या आणि उरलेल्या वेळात गीतकारांची गाणी नमुन्यादाखल गाऊन दिली. गीतकाराने गाणं लिहायचं, मार्लीसने ते जीव ओतून गायचं, आणि ते ऐकून एखाद्या बड्या गायिकेने म्हणायचं, "बरं आहे, घेते मी हे." तिच्या गळ्यातल्या जागा जशाच्या तशा उचलून दोन-तीन बाया नावारूपाला आल्या. मार्लीसला त्यांचा राग नव्हता. त्यातली एक हॉटेलात आली तेव्हा तिने तिची अंडी वेळेवर आणून दिली होती.

तिशी उलटल्यावर एका रेकॉर्ड कंपनीने तिला पदरात घेतलं. कंपनीने तिच्या नावातला शेवटचा 'स' काढला आणि वयातली चार वर्षं. मग गाण्यात ड्रम मशीन पुढे आणलं आणि गावाकडच्या स्टील गिटारला लग्नातल्या थकलेल्या काकांसारखं मागच्या खुर्चीत बसवलं. आता ती गाववाल्यांना शहरी वाटायला लागली आणि शहरवाल्यांना गावठी. कंपनीचं म्हणणं, याला दोन बाजारपेठा म्हणतात.

पहिलं गाणं एका पिकअप ट्रकवर होतं, दुसरं त्याच ट्रकमधून निघून गेलेल्या माणसावर. पहिलं रेडिओच्या यादीत चाळिसाव्या पायरीपर्यंत धापा टाकत गेलं. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तिसरं पडलं की कंपनी मार्लीसला सन्मानाने मोकळं करणार, हे तिला ग्वेंडाने सांगून ठेवलं होतं. ग्वेंडा प्रुइट तिचा कारभार बघायची. उंच, पन्नाशीची बाई. वाईट बातमी द्यायची असली की समोरच्याला 'बाळ' म्हणायची, त्यामुळे मार्लीसला पहिल्या शब्दालाच अंदाज यायचा.

नॅशव्हिलमध्ये गाणी वेळ ठरवून लिहितात, दाताच्या डॉक्टरची घ्यावी तशी. सकाळी दहा वाजता दोघं-तिघं एका खोलीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत गाणं घेऊन बाहेर पडतात. तिथला एकच नियम कुणी मोडत नाही. गाणं होताना जो खोलीत असेल तो त्या गाण्याचा गीतकार, आणि सगळ्यांचा वाटा सारखा. एकाने सगळे शब्द दिले आणि दुसऱ्याने नुसतं 'हं' केलं, तरी सारखा. कुणी किती दिलं हे एकदा तोलायला घेतलं तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही, हे इथल्या लोकांना पक्कं कळतं. म्हणूनच पिझ्झा घेऊन आलेल्याला ते उंबरठ्याच्या आत घेत नाहीत.

त्या दिवशी खोलीत मार्लीस होती आणि रस्क हॅलम नावाचा गीतकार. रस्कचे वडील नुकतेच वारले होते. गोठ्याकडे जाताना ते फाटक उघडं टाकून गेले ते परत आलेच नाहीत, एवढं त्याच्याकडे होतं आणि त्याचं गाणं होत नव्हतं. ऑर्व्हिल आले ते मार्लीसच्या गिटारचा दुरुस्त केलेला अँप्लिफायर, म्हणजे अँप, घेऊन. रस्कने भलेपणाने त्यांना कॉफी दिली, सोफ्यावर बसवलं आणि नियम विसरला.

ध्रुवपदाची शेवटची ओळ दोन तास अडून बसली होती. ऑर्व्हिल गुडघ्यावर हॅट ठेवून ऐकत होते.

"तुमचं झालं असेल तर अँप कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"डॅडी, थांबा जरा."

"थांबलोय की. मी म्हणतो, त्या म्हाताऱ्याने जाताना काय म्हटलं असेल? मी रोज दुकानाला निघताना म्हणतो तेच. कडी घालू नकोस, मी आलोच."

रस्कने पेन्सिल खाली ठेवली, डोळे पुसले आणि पुन्हा उचलली. "साहेब," तो म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

ऑर्व्हिलना वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोडलं.

तर हे तिसरं गाणं. ते घेऊन मार्लीस गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर फिरायला निघाली. नव्या गायिकेला हे चुकत नाही. स्टेशनच्या मीटिंगरूममध्ये, माइकशिवाय, जेवणाऱ्या लोकांसमोर गायचं असतं. त्यांत एक प्रोग्रॅम डायरेक्टर असतो. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा वाजायचं हे तो ठरवतो. त्याचा वाढदिवस गायिकेला पाठ असावा लागतो. तिचा त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

आर्कान्सातला हार्लन टीग हा त्यांतला वजनदार गडी. दक्षिणेतली बरीच स्टेशनं त्याच्या हाताखाली होती, आणि उरलेली स्टेशनं तो काय वाजवतो ते ऐकून मग स्वतःचं मत बनवायची. नव्या गाण्यांच्या वेळी तो मोबाइल चाळत बसतो अशी त्याची ख्याती होती. मार्लीसच्या गाण्याला त्याने मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या कडव्याला चष्मा काढला. गाणं संपलं तेव्हा तो सगळ्यांसमोर हमसून रडत होता.

"माझे मार्चमध्ये गेले," तो म्हणाला आणि त्याने मार्लीसचा हात धरला. "तू काही सांगू नकोस, पोरी. कळतं मला. ज्याचा बाप गेला नाही त्याला हे असं गाताच येत नाही."

तिने नुकताच टर्की सँडविचचा घास घेतला होता. घास गिळेपर्यंत तिला बोलायचं होतं ते असं: साहेब, माझा बाप धडधाकट आहे, आणि तुमची कसोटी चुकली. गाणं कळायला बाप मरावा लागत नाही. पण माणूस रडत होता. आमच्या मुलखात रडणाऱ्याला मधेच थांबवून माहिती देत नाहीत. घास गिळून झाला तेव्हा सगळी खोली नाकं शिंकरत होती आणि वेळ निघून गेली होती.

संध्याकाळी हार्लनने गाणं लावलं आणि आधी दोन शब्द बोलला. बापाला नुकतंच गमावलेल्या एका लेकीचं गाणं, असं.

"तू काही बोललीस का?" ग्वेंडाने गाडीत विचारलं.

"नाही."

"मग आपण खोटं बोललेलो नाही. आपण फक्त मधे बोललो नाही."

"ग्वेंडा, ते जिवंत आहेत."

"असू देत की. त्याला कोण नाही म्हणतंय? हे बघ बाळ, उद्या सकाळी ओक्लाहोमा आहे, तिथेही सँडविचच आहेत. फक्त गाण्याआधी खाऊ नकोस."

आठवड्याने ऑर्व्हिलचा फोन आला.

"काय गं, मी गेलो म्हणे."

"डॅडी, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"वीडनच्या हॉटेलात रेडिओ चालू होता. तो माणूस माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलला की सगळ्यांनी हॅट काढल्या. मी पण काढली. वीडन म्हणाला, मयताला दुसऱ्यांदा ग्रेव्ही मिळणार नाही."

"मी उद्या त्यांना फोन करून खरं काय ते सांगते."

"गाणं चालतंय का?"

"चालतंय."

"मग राहू दे. मला शोधत कोण येतंय इथे?"

आला. एका मासिकाचा वार्ताहर कबरीचा फोटो काढायला कॉर्बेल क्रीकला आला. खाण बंद झाल्यापासून गावात सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा गावाने हे गुपित जिवापाड सांभाळलं. वार्ताहराने दुकानात शिरून दफनभूमीचा रस्ता विचारला. ऑर्व्हिल हात पुसत बाहेर आले आणि त्याला टेकडीपर्यंत सोडून आले. "इथे बरेच स्टिडम आहेत," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

गाणं चढत गेलं. कार्यक्रम झाला की लोक मार्लीसला भेटायला रांग लावायचे. पूर्वी त्यांना फोटो हवा असायचा. आता ते स्वतःच फोटो घेऊन यायचे, आपापल्या वडिलांचे. एकाने बापाच्या पट्ट्याचं बक्कल आणलं. एका बाईने बापाच्या आवाजातला निरोप फोनवर ऐकवला, त्यात तो दूध आणायला सांगत होता. कुणी गेलं की आमच्याकडे शेजारचे भाजलेल्या चिकन-नूडल्सची परात घेऊन येतात. तशा परातींनी मार्लीसची बस भरली आणि ड्रायव्हरचं पोट सुटलं. मार्लीस सगळ्यांचं ऐकायची, सगळ्यांचे हात धरायची. त्यात खोटं काही नव्हतं. ती खरंच ऐकत होती, आणि इतकं मन लावून तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, ना न्याहारीच्या हॉटेलात, ना पिकअप ट्रकच्या दिवसांत.

अडचण व्हायची ती लोक उलट विचारायचे तेव्हा. ते कसे होते? गोडात कुठलं फळांचं 'पाय' खायचे? मार्लीसला ध्यानात आलं की आपल्याला फारसं ठाऊक नाही. मग ती घरी फोन करायची.

"डॅडी, तुम्हाला पाय कुठलं आवडायचं?"

"आवडायचं काय? अजून आवडतं. ब्लॅकबेरीचं. कोण विचारतंय?"

"टेक्सासची एक बाई."

"चांगली असेल. तिला सांग, साखर कमी."

सहा महिन्यांत तिला बापाची जेवढी माहिती झाली तेवढी अठरा वर्षं एका घरात राहून झाली नव्हती. बाप मेल्याचा हा एक फायदा तिने मनातल्या मनात जमेला धरला.

केंटकीच्या राज्य जत्रेत तिचा कार्यक्रम होता, त्याला ऑर्व्हिल हळूच जाऊन मागच्या रांगेत बसले. मार्लीसला नंतर फोनवरूनच कळलं.

"शेजारी एक बाई होती," ते म्हणाले. "तिने मला रुमाल दिला."

"तुम्हाला का?"

"मी रडत होतो. तू गातेसच तशी. ती म्हणाली, फार देवमाणूस असणार तो. मी म्हटलं, ठीक होता." मग जरा थांबून ते म्हणाले, "तिला ते आवडलं नाही. उठून दुसरीकडे जाऊन बसली."

वर्षाच्या आत गाणं पहिल्या नंबरावर गेलं.

गाणं पहिलं आलं की नॅशव्हिलमध्ये पार्टी होते. दुपारची, एखाद्या बारमध्ये, भाजलेल्या डुकराच्या मांसाची आणि फुकट बिअरची. गायकाला रोज टाळ्या मिळतात. ही पार्टी लिहिणाऱ्यांची असते. गाण्याच्या प्रत्येक गीतकाराला नाव पुकारून स्टेजवर बोलावतात, त्याच्या नावाचं मानचिन्ह हातात देतात आणि गाणं कसं झालं ते सांगायला लावतात. इथे माणसं संसार मोडून घेतात ती या दुपारसाठी.

गाण्यावर तीन नावं होती. रस्क हॅलम, मार्ली स्टिडम, ओ. स्टिडम. तिसऱ्या नावाचं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दिवंगत बापालाही वाटा दिला, काय गुणाची लेक! हार्लन टीगने तर रेडिओवर सांगितलं की शेवटची ओळ हे त्या माणसाचे शेवटचे शब्द होते.

"मानचिन्ह तू घ्यायचं," ग्वेंडा म्हणाली. "छातीशी धरायचं, वर बघायचं, खाली उतरायचं. भाषण नको."

"तो खोलीत होता," रस्क म्हणाला. तो भांडखोर नव्हता, पण नियम म्हटला की त्याची मान ताठ व्हायची. "जो खोलीत होता तो स्टेजवर येतो. मेला असेल तर गोष्ट वेगळी."

"तो मेलेलाच आहे, बाळ. अडीचशे स्टेशनांवर मेलेला आहे. आता तो भाजलेलं डुक्कर खायला आला तर जे जे रडले ते आपले अश्रू परत मागतील. हार्लन टीग पहिला. तिचं पुढचं गाणं पुढच्या महिन्यात त्याच्या टेबलावर जायचंय." ग्वेंडा मार्लीसकडे वळली. "मी तुझ्या वडिलांशी बोलते हवं तर."

त्याची गरज उरली नाही, कारण आमंत्रणं पाठवणाऱ्या मुलीने सवयीप्रमाणे तिन्ही गीतकारांना पाठवली होती. रात्री ऑर्व्हिलचा फोन आला.

"कार्ड आलंय. माझं नाव जाड अक्षरात आहे."

"हो."

"मी कधी कुणाच्या स्टेजवर गेलो नाही. यंत्र दुरुस्त करून दिलं की माणसं यंत्राकडे बघतात. त्यात चूक काही नाही, त्यांचं यंत्र असतं." ते खोकले. "मी यावं असं नसेल तर तू सांग. त्या ग्वेंडाबाईला सांगायला लावू नकोस."

मार्लीस दुसऱ्या दिवशी गाडी काढून कॉर्बेल क्रीकला गेली. वाटेत तिने वाक्य तयार केलं, तीनदा बदललं आणि गावात शिरताना टाकून दिलं.

ऑर्व्हिल दुकानात एका मशीनचं कार्बोरेटर उघडून बसले होते. भिंतीवर खिळ्यांना पट्टे टांगलेले होते, आणि त्यांच्यामधल्या एका खिळ्यावर धोब्याच्या प्लास्टिकमध्ये पांढरा शर्ट. मार्लीसला तो दिसला. ऑर्व्हिलना तो तिला दिसलेला दिसला. दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

"केस कापलेत तुम्ही," ती म्हणाली.

"वाढले होते."

"डॅडी, मंगळवारच्या पार्टीचं..."

"हं."

"गर्दी खूप असते. आणि तिकडे गाडी लावायची फार पंचाईत आहे."

ऑर्व्हिलनी हातातला स्क्रू एका झाकणात ठेवला, मग दुसरा स्क्रू त्याच्या शेजारी. "असते," ते म्हणाले. "मागे अँप घेऊन आलो तेव्हा लांब लावावी लागली होती."

"हो ना."

"मग कसला येतोय मी. तीन तास गाडी चालवायची आणि वर लांब लावायची." त्यांनी कार्बोरेटरमध्ये फुंकर मारली. "खाऊन जाशील ना? वीडनकडे जाऊ. तिथे मी जिवंत चालतो."

दोघांनी वीडनच्या हॉटेलात ग्रेव्हीत बुडवलेली पावासारखी बिस्किटं खाल्ली. वीडनने मार्लीसचे वडील स्वर्गात कसे आहेत ते विचारलं. ऑर्व्हिल म्हणाले, तिथे जेवण बरं मिळतं. सगळे हसले, मार्लीससुद्धा, आणि परतीच्या रस्त्यावर तिला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

मंगळवारी बार भरून गेला. कंपनीची माणसं आली, जी माणसं मार्लीसला सन्मानाने मोकळं करणार होती ती सगळ्यांत पुढे. गीतकार आले, कारण गीतकार फुकट जेवण सोडत नाहीत. हार्लन टीग आर्कान्साहून गाडी चालवत आला होता, काळा कोट घालून.

आधी रस्कला बोलावलं. त्याने मानचिन्ह घेतलं. "माझे वडील गेले होते," तो म्हणाला. "मार्लीने गाणं केलं. आणि खोलीत तिसरा माणूस होता. त्याच्याबद्दल मी बोलत नाही. ते तिचं काम आहे." तो खाली उतरला आणि ग्वेंडापासून लांब जाऊन उभा राहिला.

मार्लीसने आपलं मानचिन्ह घेतलं. तिसरं द्यायचा मान हार्लनचा होता. तो माइकपाशी आला, त्याने हॅट काढून छातीशी धरली आणि सगळ्यांना तसं करायला सांगितलं. सगळ्या हॅट उतरल्या. नॅशव्हिलमध्ये ज्यांचं टक्कल बायकोखेरीज कुणी पाहिलं नव्हतं अशा माणसांनीही काढल्या.

"ऑर्व्हिल स्टिडम," हार्लन म्हणाला.

मार्लीस हात पुढे करून उभी होती. मानचिन्हावर तिच्या बापाचं नाव पुरं कोरलेलं होतं, आणि ते तिला वाचता येत होतं. ग्वेंडा बारच्या टोकाशी वर बघायची खूण करत होती. छातीशी, वर, खाली. मार्लीसने मानचिन्ह घेतलं, स्टुलावर ठेवलं, खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन माइकला चिकटवला.

घंटी सगळ्या बारमध्ये वाजली.

"स्टिडम स्मॉल इंजिन." मागे एक यंत्र फटफट करत होतं.

"डॅडी."

यंत्र बंद झालं. मग ऑर्व्हिल अनोळखी बाईशी बोलावं तसे अदबीने म्हणाले, "राँग नंबर लागला, बाई. दुकानाचे मालक वारले. मी नुसता कामाला आहे."

रस्क एकदम हसला आणि एकटाच हसतोय हे पाहून गप्प झाला.

"डॅडी, मी स्टेजवर आहे. सगळे ऐकताहेत. सांगतेय मी त्यांना." ती लोकांकडे वळली. तयार केलेलं वाक्य नव्हतंच, त्यामुळे जसं आलं तसं ती बोलली. "हे माझे वडील. ती ओळ यांची आहे. हे मेले नाहीत, कधीच मेले नव्हते. मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. आज यांना इथे यायचं होतं. शर्ट धुऊन ठेवला होता त्यांनी. मी येऊ दिलं नाही."

ग्वेंडाने कपाळावर हात ठेवला. कुणीतरी बिअरचा ग्लास अगदी जपून खाली ठेवला.

"किती माणसं आहेत?" ऑर्व्हिलनी विचारलं.

"भरपूर."

"मग त्यांना म्हणावं, माफ करा. माझ्यामुळे घोळ झाला."

हार्लन माइकपाशीच उभा होता. मान, कान, सगळं लाल झालं होतं. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर अडीचशे स्टेशनांवर मार्ली स्टिडमचं नाव संपलं असतं, आणि ते बारमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मार्लीस बाजूला झाली नाही, कारण फोन तिच्या हातात होता.

"स्टिडम साहेब," हार्लन म्हणाला. "मी हार्लन टीग."

"ओळखलं. आवाजावरून."

"मी तुमच्यासाठी रेडिओवर रडलो. पुष्कळ वेळा."

"ऐकलंय मी. नेटकं रडता तुम्ही."

"माझी थट्टा झाली, साहेब. मला आता ते परत घेता येत नाही."

"नका घेऊ," ऑर्व्हिल म्हणाले. "ते तसंही माझ्यासाठी नव्हतं."

हार्लन फोनकडे वाकला.

"तुमचे मार्चमध्ये गेले ना?" ऑर्व्हिल पुढे म्हणाले. "त्या पहिल्या दिवशी मार्लीसला बोललात तेवढंच. मग रोज माझंच सुरू केलंत. मी इथे काम करता करता वाट बघायचो, की हा माणूस आता स्वतःच्या बापाचं काहीतरी सांगेल. काय करायचे ते?"

हार्लनने हातातली हॅट फिरवली. त्याला हे कुणी विचारलं नसावं, किंवा विचारून थांबलं नसावं.

"न्हावी होते," तो म्हणाला.

"स्वतःचं दुकान?"

"स्वतःचं. एकच खुर्ची."

"कुठल्या धाटणीची? दांड्याने फिरवायची, का पायाने दाबून वर जाणारी?"

"पायाने दाबायची."

"तिचं तेल गळतं."

"गळायचं!" हार्लन जरा मोठ्यानेच म्हणाला. "ते खाली कॉफीचा डबा ठेवायचे. शनिवारी मी तो रिकामा करायचो."

"खालचा वॉशर बदलला नसेल."

"त्यांना सांगून कंटाळलो होतो आम्ही. कुणाचं ऐकतील तर शपथ. एकदा तर चर्चचे पाद्री बसले होते, अर्धी दाढी झालेली, आणि खुर्ची आपली हळूहळू..."

हार्लनने माइक स्वतःकडे ओढून घेतला होता. तो सांगत होता, ऑर्व्हिल पलीकडून 'हं' म्हणत होते, मधेच एखादा प्रश्न घालत होते. पाद्री खाली खाली जात होते आणि हार्लनचा बाप वस्तरा घेऊन त्यांच्यामागे वाकत होता. बारमध्ये कुणी हसत होतं, कुणी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून उभं होतं. भाजलेलं डुक्कर गार होत चाललं होतं, आणि गीतकारांपैकी एकही तिकडे सरकला नाही. ग्वेंडाने लांबून बोटांची कात्री करून दाखवली, मग तिनेच हात खाली घेतला आणि स्टूल ओढून बसली.

पुढच्या गाण्याचं काय होणार ते मार्लीसला त्या घटकेला ठाऊक नव्हतं. तिने फोन धरला होता. हाताला रग लागली होती आणि तो बदलायचा तिने विचारही केला नाही. समोर सगळे हॅट हातात घेऊनच उभे होते, कारण त्या परत घाला असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.